ही गोळी नेमकी कशाची?

या महिन्याच्या टपालात औषधांविषयीची पत्रं सर्वांत जास्त होती. राजापूरपासून श्रीवर्धनपर्यंत सगळ्यांचा गोंधळ थोड्याफार फरकाने एकच : हातातल्या पाकिटातली गोळी कोणत्या वर्गातली, आणि ती आपल्याला कशासाठी दिली? म्हणून हे पूर्ण सदर त्यालाच दिलं आहे. उत्तरं औषधशास्त्र शिकवणाऱ्या आणि रोज औषधं देणाऱ्या जाणकारांनी मिळून लिहिली आहेत. आकडे समजून घेण्यासाठी आहेत. डोस बदलायचा तो तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच.

प्रश्न : आईचं वय ७२. मुंबईच्या डॉक्टरांनी बीपीचं औषध सुरू केलं, गणपतीनंतर गावातल्या डॉक्टरांनी एक गोळी वाढवली. आता पाय सुजतात म्हणून आणखी एक मिळाली आहे. कंपनीची नावं सोडून औषधांची मूळ नावं पाठवतो. पहिलं पाकीट : टेल्मिसार्टन ४० + ॲम्लोडिपिन ५. दुसरं : ॲम्लोडिपिन ५. तिसरं : ॲटोर्व्हास्टॅटिन १०. चौथं : फ्युरोसेमाइड ४०. या सगळ्या बीपीच्याच गोळ्या का? (राजापूर)

उत्तर : मूळ नावं पाठवलीत हे फार बरं केलंत, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच दडलं आहे. ॲम्लोडिपिन दोन पाकिटांत आहे. पहिल्यात ५ आणि दुसऱ्यात ५, म्हणजे आईच्या पोटात रोज १० मि.ग्रॅ. जातं. नेहमीच्या वापरातली ही वरची मर्यादा. कंपन्यांची नावं वेगळी, गोळ्यांचे रंग वेगळे, त्यामुळे घरात कुणाच्या लक्षात येत नाही.

आता पायांच्या सुजेकडे या. ॲम्लोडिपिन रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या स्नायूंमध्ये कॅल्शियम शिरू देत नाही, म्हणून धमन्या सैल पडतात आणि दाब उतरतो. पण बारीक धमन्या जेवढ्या उघडतात तेवढ्या शिरा उघडत नाहीत. केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी झिरपून घोट्याभोवती साठतं. डोस जितका जास्त तितकी ही सूज जास्त. ही शरीरात पाणी वाढल्याची सूज नाही, त्यामुळे फ्युरोसेमाइडने ती फारशी उतरत नाही. उलट लघवीवाटे मीठ आणि पोटॅशियम निघून जातं. ७२ वर्षांच्या बाईला ऑक्टोबरच्या उन्हात चक्कर, पोटऱ्यांत गोळे, रात्री लघवीला उठताना पडणं, असं सगळं त्यातून होऊ शकतं. औषधाच्या दुष्परिणामाला नवा आजार समजून त्यावर दुसरं औषध लागतं, अशी ही साखळी असते. प्रत्येक डॉक्टरने आपापल्या जागी विचार करूनच लिहिलेलं असतं; चारही पाकिटं एकत्र कुणी पाहिलेली नसतात, एवढीच अडचण.

करायचं ते असं. काहीही आपल्या मनाने बंद करू नका. चारही पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या आणि सरळ विचारा : ‘ॲम्लोडिपिन दोन ठिकाणी आहे, ते मुद्दाम दिलंय की चुकून?’ कधी १० मि.ग्रॅ. मुद्दामही दिलेलं असतं. सूज दोन्ही पायांना सारखी आहे की एकाच पायाला, दम लागतो का, सकाळी उठल्यावर उतरते का, हेही सांगा. एकाच पायाची सूज किंवा दम लागणं असेल तर कारण दुसरंच असू शकतं आणि थांबून चालत नाही.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर : तिसरी बीपीची नाही. ती कोलेस्टेरॉलची, म्हणजे खरं तर हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका कमी करण्याची. चौथी लघवी वाढवणारी. पहिल्या दोन बीपीच्या, पण त्यांतली दोन औषधं दोन वेगळ्या वाटांनी काम करतात. टेल्मिसार्टन रक्तवाहिन्या आवळणाऱ्या अँजिओटेन्सिन या रसायनाला अडवतं, ॲम्लोडिपिन कॅल्शियमला.

एकाच औषधाची ओळख तीन तऱ्हांनी सांगता येते, आणि गोंधळ होतो तो इथेच. आजारावरून पाहिलं तर ॲम्लोडिपिन बीपीचं. कामाच्या पद्धतीवरून ते कॅल्शियम वाहिनी रोधक. रासायनिक घराण्यावरून डायहायड्रोपिरिडिन. घरच्यांना पहिली ओळख पुरते, पण दोन गोळ्या एकाच कामाच्या आहेत का हे दुसऱ्या ओळखीवरूनच कळतं. ती ओळखायची सोपी खूण मूळ नावाच्या शेपटात असते. शेवटी ‘सार्टन’ असेल तर टेल्मिसार्टनची भावंडं : लोसार्टन, ओल्मेसार्टन. ‘प्रिल’ असेल तर रामिप्रिल, एनालाप्रिल. ही दोन घराणी एकाच वाटेवर काम करतात, म्हणून सार्टन आणि प्रिल सहसा एकत्र देत नाहीत. पोटॅशियम वाढतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. ‘डिपिन’ म्हणजे ॲम्लोडिपिन, सिल्निडिपिन, निफेडिपिन. ‘ओलॉल’ म्हणजे ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल. ‘स्टॅटिन’ कोलेस्टेरॉलचं, ‘ग्लिप्टिन’ आणि ‘ग्लिफ्लोझिन’ मधुमेहाचं, ‘फ्लॉक्सासिन’ अँटिबायोटिक, ‘प्राझोल’ पित्ताचं.

शेपूट फसवतंही. ॲरिपिप्राझोलच्या शेवटीही ‘प्राझोल’ ऐकू येतं, पण ते मानसिक आजाराचं औषध आहे, पित्ताशी त्याचा काही संबंध नाही. तेव्हा शेपटावरून शंका घ्यावी, निर्णय घेऊ नये.

प्रश्न : मला बीपी नाही. अर्धशिशीसाठी डॉक्टरांनी प्रोप्रॅनोलॉल दिलं. मेडिकलमध्ये सांगितलं, ‘ही बीपीची गोळी आहे.’ घाबरून पंधरा दिवसांनी बंद केली. चूक कुणाची? (देवरुख)

उत्तर : दोघंही खरं बोलले. प्रोप्रॅनोलॉल बीपी आणि हृदयाच्या औषधांच्या वर्गात मोडतं, आणि अर्धशिशीचे झटके कमी करायला, हाताची थरथर थांबवायला, थायरॉइड वाढल्यावरची धडधड आवरायलाही ते देतात. पुस्तकात औषधाचा वर्ग एक असतो, तुमच्या चिठ्ठीत त्याचं काम दुसरं असतं. अर्धशिशी टाळण्याचं औषध रोज घ्यावं लागतं आणि गुण यायला काही आठवडे जातात, त्यामुळे पंधरा दिवसांत फरक पडला नाही यात नवल नाही. हे औषध एकदम तोडू नये, विशेषतः हृदयविकार असलेल्यांनी. डोस हळूहळू उतरवतात. आणि दमा असेल तर डॉक्टरांना आधीच सांगायला हवं, कारण प्रोप्रॅनोलॉल श्वासनलिका आवळतं.

एक औषध, वेगळं काम, याचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्या कोकणातलंच आहे. प्राझोसिन हे बीपीचं जुनं औषध. लाल विंचवाच्या दंशानंतर शरीरात ॲड्रिनॅलिनसारखी रसायनं एवढी उसळतात की रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, दरदरून घाम येतो, हृदय थकतं आणि फुफ्फुसात पाणी भरतं. महाडला काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या रुग्णांचा बारकाईने अभ्यास केला आणि १९८०च्या दशकात प्राझोसिन वापरून दाखवलं. रक्तवाहिन्या ज्या ठिकाणाहून आवळण्याचा हुकूम घेतात ती जागाच हे औषध अडवतं. डोस वजनावर, किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, हातपाय उबदार होईपर्यंत ठरावीक तासांनी पुन्हा. विंचवाच्या विषावरची प्रतिविषं आणि प्राझोसिन एकत्र दिलं तर रुग्ण लवकर सावरतो, हेही महाडच्याच अभ्यासातून २०११ मध्ये पुढे आलं. डॉ. बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. बीपीच्या वर्गातली ही गोळी कोकणातल्या किती पोरांचे जीव वाचवून गेली, याची जाण प्रत्येक घरात असायला हवी. मात्र ती घरी द्यायची नाही. पहिल्याच डोसनंतर बीपी एकदम पडू शकतं, म्हणून रुग्णाला आडवं ठेवून, दवाखान्यात नजरेखाली देतात.

असंच ॲमिट्रिप्टिलिनचं. नैराश्यावरचं औषध, पण १० मि.ग्रॅ.च्या छोट्या डोसात नसांच्या दुखण्यासाठी देतात. म्हणून गोळी घेताना विचारायचं वाक्य ‘ही कशाची?’ असं न ठेवता ‘ही मला कशासाठी?’ असं ठेवा, आणि डॉक्टर सांगतील ते चिठ्ठीवर त्यांच्याकडूनच लिहून घ्या.

प्रश्न : डी. फार्मसीला आहे. एटीसी वर्गीकरण पाठ होतं, पण ॲस्पिरिनला तीन कोड का, आणि आपल्या राष्ट्रीय यादीत वर्ग वेगळे का, हे कळत नाही. (वेंगुर्ला)

उत्तर : एटीसी म्हणजे प्रत्येक औषधाला अवयव, उपचार आणि रसायनानुसार कोड देणारी जागतिक पद्धत. ती पाठ करू नका, मधुमेहाचं मेटफॉर्मिन घेऊन जिना चढा. ए म्हणजे पचनसंस्था आणि चयापचय. ए१० म्हणजे मधुमेहाची औषधं. ए१०बी म्हणजे इन्सुलिन सोडून रक्तातली साखर उतरवणारी. ए१०बीए म्हणजे बायग्वानाइड हे रासायनिक घराणं. ए१०बीए०२ म्हणजे मेटफॉर्मिन. पाच पायऱ्या : अवयव, उपचार, औषधशास्त्रीय गट, रसायन आणि शेवटी औषध. वरच्या पायरीवर चौदा अक्षरं आहेत. ए पचन, बी रक्त, सी हृदय व रक्तवाहिन्या, डी त्वचा, जी जनन व मूत्रसंस्था, एच संप्रेरकं, जे संसर्ग, एल कर्करोग व प्रतिकारशक्ती, एम स्नायू-हाडं, एन मज्जासंस्था, पी परजीवी, आर श्वसन, एस डोळे-कान आणि व्ही म्हणजे इतर. परीक्षेत हमखास चुकतो तो प्रश्न इन्सुलिनचा. संप्रेरक असूनही ते एचमध्ये नाही, ए१०एमध्ये आहे, कारण वर्गीकरण त्याचा मुख्य वापर पाहतं.

ॲस्पिरिनचंही तेच. ७५ मि.ग्रॅ.ची गोळी रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट्स) चिकटू नयेत म्हणून : बी०१एसी०६. दुखण्या-तापाची मोठी गोळी : एन०२बीए०१. तोंडातल्या स्थानिक वापरासाठी ए०१एडी०५. रेणू एकच, पण ताकद, रूप आणि वापर वेगळा असेल तर कोड वेगळा मिळतो. मात्र प्रत्येक वापराला नवा कोड देत नाहीत. मेटफॉर्मिन पीसीओएससाठी दिलं तरी कोड मधुमेहाचाच राहतो, आणि डॉक्सिसायक्लिन मलेरिया टाळायला दिलं तरी ते पीमध्ये जात नाही, जे०१मध्येच राहतं.

ही पद्धत जागतिक आरोग्य संघटनेची. तिचं केंद्र १९८२ पासून नॉर्वेतल्या ओस्लोत आहे. हेतू आकडेवारीचा : कोणत्या देशात, कोणत्या जिल्ह्यात कुठल्या गटाचं औषध किती खपतं ते मोजायचं. त्यासाठी डीडीडी, म्हणजे मोजणीसाठी ठरवलेला सरासरी रोजचा डोस, असं माप ठेवलं आहे. मेटफॉर्मिनचं २ ग्रॅम, ॲम्लोडिपिनचं ५ मि.ग्रॅ. डीडीडी म्हणजे रुग्णाला सांगायचा डोस नव्हे, हे उत्तरपत्रिकेत नक्की लिहा.

राष्ट्रीय आवश्यक औषधांची यादी वेगळ्या कामाची. पहिली १९९६ ची, सध्याची २०२२ ची. तिच्यात ३८४ औषधं २७ उपचारगटांत मांडली आहेत. तिथं प्रश्न हा असतो की प्राथमिक केंद्रात काय हवं, उपजिल्हा रुग्णालयात काय, मोठ्या रुग्णालयात काय. किंमत नियंत्रणही त्याच यादीवर उभं आहे. म्हणून एकच औषध त्या यादीत दोन-तीन गटांखाली आलं तर ती चूक समजू नका.

प्रश्न : बाबा ६५ वर्षांचे, होडीवर जातात. गुडघ्यांसाठी ॲसेक्लोफेनॅक १०० + पॅरासिटामॉल ३२५ दिवसातून दोनदा. बीपीसाठी टेल्मिसार्टन + हायड्रोक्लोरोथायझाइड. परवा ताप आला, तेव्हा पॅरासिटामॉल ६५० तीनदा घेतली, शिवाय सर्दीची गोळी तीनदा. ही सगळी वेगवेगळ्या कामाची औषधं आहेत, तर चालतं ना? (गुहागर)

उत्तर : चालत नाही. सर्दीच्या त्या गोळीचं पाकीट उलटं करून वाचा. बहुतेक सर्दीच्या गोळ्यांत फिनाइलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामाइनबरोबर ५०० मि.ग्रॅ. पॅरासिटामॉल असतं. आता बेरीज करा : गुडघ्यांच्या गोळीतून ३२५ दुणे ६५०, तापाच्या गोळीतून ६५० त्रिक १९५०, सर्दीच्या गोळीतून ५०० त्रिक १५००. एकूण ४१०० मि.ग्रॅ. धडधाकट प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४००० आहे. अंगाने बारीक, यकृताचा त्रास असलेला किंवा रोज दारू पिणारा माणूस असेल तर त्याहून बरीच कमी. ‘गुडघ्याची’, ‘तापाची’, ‘सर्दीची’ अशी तक्रारीवरून पाडलेली नावं नेमकी इथं घात करतात. यकृताला होणारी इजा पहिले एक-दोन दिवस काही जाणवू देत नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर वाटते. ॲसेक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन ही एकाच घराण्यातली सूजविरोधी वेदनाशामकं. ती प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाहीत, म्हणून दुखणं थांबतं. पण मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी उघडी ठेवण्याचं आणि जठराचं अस्तर जपण्याचं कामही प्रोस्टाग्लँडिनच करतात. टेल्मिसार्टन मूत्रपिंडातून बाहेर जाणारी वाहिनी सैल करतं, हायड्रोक्लोरोथायझाइड शरीरातलं पाणी कमी करतं, आणि वरून हे वेदनाशामक आत येणारी वाहिनी आवळतं. तिन्ही एकत्र आली की गाळणीला दाबच मिळत नाही. त्यात उन्हात होडीवर घाम गेला, पाणी कमी प्यालं, जुलाब झाले, तर मूत्रपिंड बंद पडायला दोन-चार दिवस पुरतात. शिवाय ही वेदनाशामकं बीपीच्या गोळीचा गुण खातात.

क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं माप) आणि पोटॅशियमची तपासणी या आठवड्यात करून घ्या. गुडघ्यांसाठी डॉक्टरांना विचारून फक्त पॅरासिटामॉल आणि वरून लावायचं डायक्लोफेनॅकचं जेल यावर भागतं का ते पाहा. जेलमधलं औषध रक्तात फार थोडं जातं. पावसाळ्यातल्या तापात तर ही सूजविरोधी गोळी टाळाच. डेंग्यू निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

प्रश्न : बांगड्याचं तिखलं खाल्ल्यावर अर्ध्या तासात तोंड लाल झालं, अंगाला खाज, डोकं ठणकायला लागलं. घरात गाडी लागू नये म्हणून घ्यायची गोळी होती, ती घेतली तर बरं वाटलं. हे कसं? (मालवण)

उत्तर : कारण दोन्ही ठिकाणी लागणारं औषध एकाच घराण्यातलं आहे. बांगडा, तारली, कुपा अशा मासळीच्या मांसात हिस्टिडिन भरपूर असतं. मासळी पकडल्यावर बर्फात नीट ठेवली नाही तर जीवाणू त्याचं हिस्टामिन करतात. एकदा झालेलं हिस्टामिन शिजवून किंवा तळून जात नाही. ते पोटात गेलं की अंगावर ॲलर्जीसारखी लक्षणं उठतात, पण ही खरी ॲलर्जी नव्हे. ताजा बांगडा पुढेही खाता येतो. प्रोमेथाझिन, क्लोरफेनिरामाइन, सेटिरिझिन ही सगळी हिस्टामिनरोधक. त्यांतली प्रोमेथाझिनसारखी जुनी औषधं मेंदूतही पोचतात, म्हणून घाटात मळमळ थांबवतात आणि झोपही आणतात. सेटिरिझिन मेंदूत कमी जातं, म्हणून खाजेला बरं, पण आंबोलीच्या वळणांना उपयोगाचं नाही. गाडी किंवा होडी चालवणाऱ्याने जुनी गोळी घेऊ नये. प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी तिने अडकू शकते, काचबिंदूतही जपावं. श्वास घ्यायला त्रास किंवा जीभ-ओठ सुजले तर गोळी शोधत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

प्रश्न : लावणीच्या दिवसांत लेप्टोसाठी डॉक्सिसायक्लिनची गोळी आठवड्याला एकदा देतात. मग ताप आल्यावर तीच का पुन्हा रोज देतात? आणि उरलेल्या गोळ्या घशाच्या दुखण्याला चालतील का? (कुडाळ)

उत्तर : एकाच औषधाची दोन कामं आहेत. चिखलात उभं राहून लावणी करताना, विशेषतः पायाला जखम असेल तर, उंदराच्या मुतातून आलेला लेप्टोचा जंतू शिरू शकतो. तो पसरण्याआधीच अडवायला २०० मि.ग्रॅ. आठवड्याला एकदा, आरोग्य विभाग सांगेल तेवढ्या काळापुरती. हा प्रतिबंध. लागण झाली की १०० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा, साधारण सात दिवस. हा उपचार. प्रतिबंधाच्या गोळीने संरक्षण पूर्ण मिळत नाही, म्हणून ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं, लघवी कमी होणं यांपैकी काही दिसलं तर ‘गोळी घेतली आहे’ म्हणून घरी थांबू नका.

गोळी जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर, बसून घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. अन्ननलिकेत अडकली तर व्रण होतो. दूध, लोहाची गोळी, ॲसिडिटीचं औषध यांच्याबरोबर घेतली तर ती त्यांतल्या कॅल्शियम-लोहाला चिकटते आणि अंगी लागत नाही; दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. गरोदर बायका आणि आठ वर्षांखालच्या मुलांना प्रतिबंधासाठी देत नाहीत.

घशाचं दुखणं बहुतेक वेळा विषाणूचं, त्यावर कुठलंच अँटिबायोटिक लागू पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये अँटिबायोटिक्सचे वापरानुसार तीन गट केले. पहिला नेहमीच्या वापराचा, त्यात अमॉक्सिसिलिन आणि डॉक्सिसायक्लिन. दुसरा जपून वापरायचा, त्यात ॲझिथ्रोमायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, सेफिक्झिम. तिसरा राखीव, त्यात कोलिस्टिन, लिनेझोलिड. आपल्याकडे सर्दी-खोकल्याला दुसऱ्या गटातलं तीन दिवसांचं पाकीट सर्रास मागून घेतात, ते थांबलं पाहिजे.

प्रश्न : फुरसं चावल्यावर देतात ती लस आधीच टोचून घेता येईल का? (माणगाव, जि. रायगड)

उत्तर : नाही, कारण ती लस नव्हेच. बोलताना सगळे ‘लस’ म्हणतात, पण वर सांगितलेल्या एटीसी वर्गीकरणात लसी जे०७मध्ये आणि सर्पविषाचं प्रतिविष जे०६मध्ये. लस शरीराला स्वतः प्रतिद्रव्यं बनवायला शिकवते. प्रतिविषात घोड्याच्या रक्तातली तयार प्रतिद्रव्यं असतात. ती विष बांधतात आणि काही दिवसांत शरीरातून निघून जातात. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. सुरुवातीला बहुधा ८ ते १० कुप्या सलाईनमधून लागतात. मुलांनाही मोठ्यांइतक्याच, कारण सापाने सोडलेलं विष माणसाच्या वजनावर ठरत नाही. घोड्याच्या प्रथिनांची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून ॲड्रिनॅलिन हाताशी असलेल्या दवाखान्यातच ते देतात.

प्रश्न : पावसात जांघेत नायटा होतो. मेडिकलमधून मलम आणतो, चार दिवसांत जातो आणि पुन्हा दुप्पट पसरतो. (लांजा)

उत्तर : मलमाच्या नळीवरची नावं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन दिसलं तर ते स्टिरॉइड. अशा मलमात बहुधा एक बुरशीविरोधी, एक अँटिबायोटिक आणि एक स्टिरॉइड असं तीन वर्गांचं मिश्रण असतं. स्टिरॉइडने लाली आणि खाज दोन दिवसांत दबते, पण त्या जागेची प्रतिकारशक्तीही दबते, आणि बुरशी खालून पसरत राहते. कडा पुसट झाल्या की पुढे डॉक्टरांनाही ओळखायला अवघड जातं. जांघेतली कातडी पातळ होऊन पांढरट-लाल वळ कायमचे राहतात. २०१८ पासून अशी बरीच स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तुम्हाला हवं ते फक्त बुरशीविरोधी मलम. चट्ट्याबाहेर दोन बोटं कातडीपर्यंत लावा, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस, सहसा दोन आठवडे, चालू ठेवा. ओली चड्डी अंगावर वाळवू नका. घरात दुसऱ्या कुणाला असेल तर दोघांनी एकाच वेळी उपचार घ्या, नाहीतर तो फिरत राहतो.

प्रश्न : पाकिटावरची लाल रेघ म्हणजे औषध जहाल असतं का? (श्रीवर्धन)

उत्तर : रेघ सांगते की हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायचं. हे वर्गीकरण विक्रीच्या नियमांचं आहे, आजाराचं नाही. शेड्यूल एच, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांची सरकारी यादी; तिच्यात बीपीची गोळीही आहे आणि अँटिबायोटिकही. एच-१ त्याहून कडक. १ मार्च २०१४ पासून लागू झालं. सेफिक्झिम, क्षयरोगाची औषधं, ट्रॅमाडॉल, अल्प्राझोलॅम त्यात येतात, आणि विकणाऱ्याला रुग्णाचं नाव, डॉक्टरचं नाव आणि गोळ्यांची संख्या वहीत लिहून ती तीन वर्षं ठेवावी लागते. तुमचं नाव विचारलं तर रागावू नका.

प्रश्न : सासऱ्यांच्या गोळ्या पावसाळ्यात पाकिटातून काढून वारांच्या डबीत भरते. काही गोळ्या मऊ पडतात, एकीला आंबूस वास येतो. (हर्णै)

उत्तर : आंबूस वास येतो ती ॲस्पिरिन असणार. दमट हवेत ती फुटून सॅलिसिलिक आम्ल आणि ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, तयार होतं. ती टाकून द्या. मऊ पडते ती बहुधा टेल्मिसार्टन. ती हवेतली ओल इतकी शोषते की घ्यायच्या वेळीच पाकिटातून काढावी. या दोन्ही वारांच्या डबीत भरू नका. हवं तर गोळीभोवतीचा पत्रा कात्रीने तसाच कापून तो तुकडा डबीत ठेवा. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्याला लागून नको. एकदा गोठलं की ते वाया गेलं. वापरात असलेली कुपी साधारण २८ दिवस, घरातल्या गार जागी. वीज गेली तर मातीचं ओलं मडकं कामाला येतं.

डबीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवा. प्रत्येक गोळीपुढे मूळ नाव आणि ताकद, कशासाठी, कधी, आणि कुणी केव्हा सुरू केली, एवढं लिहा. ‘ॲस्पिरिन ७५, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून, दुपारी जेवल्यावर’ असं. ‘हृदयाची पांढरी गोळी’ असं लिहू नका. पुढच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीची आली की ती गुलाबी असेल. आणि पाकीट फोडताना नाव आणि मुदतीची तारीख छापलेल्या कोपऱ्याच्या विरुद्ध टोकापासून सुरुवात करा, म्हणजे शेवटची गोळी हातात असतानाही ती कोणती हे वाचता येईल.